नवीन चॅट अ‍ॅपच्या टेस्टिंगला नाव देऊ काय? कुणी केलंय का आधी?

उद्यमनगर_टर्नर:
मंडळी एक विचारायचं होतं, कुणी केलं असेल तर सांगा. आमच्या शाळेतला एक दोस्त पुण्यात नोकरीला आहे, रात्री जागून त्यानं स्वतःचं एक अ‍ॅप बनवलंय, चॅटिंग आणि कॉलिंगचं, पण आपल्यासारख्या छोट्या कारखान्यांसाठी, म्हणजे शिफ्ट बदलली की ग्रुपमधली माणसं आपोआप बदलतात, ड्रॉइंगचा फोटो टाकला की त्याच्यावर बोटानं गोल करून 'हे माप बघ' म्हणून दाखवता येतं, असलं काय काय. अजून बाहेर सोडलेलं नाही. तर तो माझ्या मागं लागलाय की तू आणि तुमच्या शेडमधली दोन चार पोरं टेस्टर म्हणून या, ईमेल आयडी द्या, अ‍ॅप घ्या आणि चौदा दिवस काढू नका, बास.

आता माझं असं आहे की फोन एकच आणि सगळं त्याच्यावरच, पार्ट्यांच्या ऑर्डरी, बँकेचे ओटीपी, पोरीच्या शाळेचा ग्रुप. हे घेतलं आणि काय झोल झाला तर? दुसरं म्हणजे मी आयटीआय टर्नर, मला मायक्रोमीटर कळतो, सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, मग मी काय डोंबल टेस्ट करणार? घरात विचारलं तर बायको म्हणाली फुकट कुणासाठी राबायचं नाही, आधी पार्ट्यांची बिलं वसूल करा. ते पण बरोबरच आहे म्हणा. पण दोस्ताला नाही म्हणायचं जिवावर आलंय. काय करू?

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
भावा ते चौदा दिवसांचं त्याच्या मनाचं नाही, गुगलचा नियम आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यानं प्ले स्टोअरवर वैयक्तिक डेव्हलपर अकाउंट काढलंय त्याला अ‍ॅप सगळ्यांना खुलं करायच्या आधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे यादीतल्या ठराविक माणसांकडूनच तपासणी, करावीच लागते, आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये ते १२ वर आणलं, आणि ती माणसं सलग १४ दिवस टेस्टमध्ये असली पाहिजेत. कंपनीच्या नावावर अकाउंट असेल तर हे लागू नाही, म्हणजे तुझा दोस्त खरंच एकटा लढालाय. ईमेल मागतोय त्यात पण काय काळंबेरं नाही, ज्या जीमेलवर तुझं प्ले स्टोअर चालतंय तो आयडी त्याला यादीत घालावा लागतो, मग तुला लिंक येते, तिथं टेस्टर व्हायला हो म्हणायचं आणि अ‍ॅप प्ले स्टोअरमधूनच उतरवायचं. ओटीपी नाही, जीमेलचा पासवर्ड नाही. कोण मागितला तर तिथंच थांब.

रोखठोक_आपटेनगर:
वहिनी बरोबर बोलतायत. हे बीटा बीटा, म्हणजे पक्कं व्हायच्या आधीचं व्हर्जन, लोकांकडून फुकट तपासून घ्यायचं काम आहे, दुसरं काय नाही. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं आणि बीटाची पाटी काढली जुलै २००९ मध्ये, पाच वर्षं अख्खं जग टेस्टिंगच करत होतं काय? आणि लोक पण असले, व्हॉट्सअ‍ॅपच्या बीटाला बघावं तेव्हा फुल्ल, रांग लावून बसल्यात, कशासाठी तर नवीन बटण शेजाऱ्याच्या आधी मला दिसलं पाहिजे. तुझ्या दोस्तानं उद्या ते अ‍ॅप विकून पैसे केले तर तुला काय मिळणार? निदान एक मटण ताट तरी आधीच ठरवून घे.

राजारामपुरी_कोडवाली:
रोखठोक दादा, मोठी कंपनी आणि रात्री जागून कोड लिहिणारा एकटा माणूस यांना एका मापानं मोजू नका हो. मी स्वतः मेसेजिंगच्याच कामात आहे, कुठं ते राहू दे. फुकट राबवून घेणं होतं हे खरंच आहे, पण इथं तो प्रश्न नाही वाटत मला.

टर्नर दादा, तुम्ही विचारताय मी काय टेस्ट करणार, तर मला उलट तुमच्यासारखाच माणूस पाहिजे असतो आणि तोच मिळत नाही. आमच्याकडं सगळं चालतंय कारण ते एसीत बसून, चांगल्या वायफायवर, दोन नवे फोन शेजारी शेजारी ठेवून बघितलेलं असतं. तुमच्या शेडमध्ये काय होतंय ते आम्हाला तिथं बसून दिसणारच नाही. उदाहरण सांगते. कॉलमध्ये मागचा गोंगाट कापायचं सॉफ्टवेअर असतं, ते पंख्याचा, गाडीचा आवाज बऱ्यापैकी ओळखून काढतं, पण ग्राइंडर चालू असला की गोंगाटाबरोबर माणसाच्या बोलण्याचे तुकडे पण खाऊन टाकतं. शिरोलीला कुणाची फाउंड्री ओळखीची असेल तर फेटलिंग, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायचं काम, चालू असताना तिथून कॉल लावा, आधी लांबून, मग जरा जवळ जाऊन, आणि समोरच्याला मापं सांगा, पंचवीस पॉइंट शून्य पाच, पस्तीस पॉइंट पाच अशी, आणि त्यानं काय ऐकलं ते त्याला लिहून घ्यायला सांगा. तुमच्या धंद्यात पंचवीसचं पस्तीस ऐकू गेलं तर जॉब भंगारात, हे पुण्यातल्या त्या मुलाला कोण सांगणार?

मग कॉल चालू ठेवून शेडच्या वायफायमधून बाहेर पडा, रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत चालत जा. वायफाय सुटून मोबाइल डेटावर जाताना नेटवरचा तुमच्या फोनचा पत्ताच बदलतो, आणि अ‍ॅपला कॉल न तोडता नव्या रस्त्यानं जोडून घ्यावं लागतं. थोडा वेळ मुकं होऊन परत बोलायला लागलं तर ठीक, कायमचं मुकं झालं आणि स्क्रीनवर मिनिटं तेवढी पळतायत असं दिसलं तर तो मोठा बग, म्हणजे अ‍ॅपमधला दोष. आणि नोटिफिकेशन. अँड्रॉइड ६ पासून फोन पडून राहिला की मागं चाललेल्या अ‍ॅपना झोपवतो, त्याच्यावर काही फोन कंपन्या बॅटरी वाचवायला अजून कडक वागतात. रात्रभर फोनला हात लावू नका, पहाटे पहिल्या शिफ्टवाल्याला मेसेज करायला सांगा आणि त्यानं कधी पाठवला, तुमचा फोन कधी वाजला, दोन्ही वेळा लिहा. मेसेजिंग अ‍ॅपची अर्धी अब्रू इथंच जाते.

आता फक्त एक विनंती, सगळ्यांनाच. 'चालत नाही', 'हँग होतंय', 'बेकार आहे' असं पाठवू नका. मला असले मेसेज रोज येतात आणि मी त्याचं काहीही करू शकत नाही. फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, अ‍ॅपचा बिल्ड नंबर, म्हणजे कितवी आवृत्ती त्याचा आकडा, काय, सिम कुठलं, वायफाय होतं का डेटा, किती वाजले होते, मग आधी काय दाबलं, नंतर काय दाबलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि झालं काय. आणि परत तसंच करून बघा, परत होतंय का ते लिहा. एका मेसेजमध्ये एकच भानगड, पाच एकत्र कोंबल्या की त्यातल्या तीन विसरल्या जातात.

उद्यमनगर_टर्नर:
ताई हे म्हणजे आमच्या रिजेक्शन रिपोर्टसारखंच झालं की, जॉब नंबर, मशीन नंबर, ऑपरेटर, कुठलं माप गेलं. हे जमंल मला. पण एकाच फोनचं काय?

राजारामपुरी_कोडवाली:
तुमचं अ‍ॅप एकदम नवीन आहे, त्यात तुमचा जुना काही डेटा नाही, त्यामुळं आतलं गेलं तरी फार बिघडत नाही. ते वेगळं अ‍ॅप आहे, व्हॉट्सअ‍ॅपच्या किंवा बँकेच्या अ‍ॅपमधला डेटा त्याला थेट उघडता येत नाही. पण ते मागतंय त्या परवानग्या बघून द्या. कॉलसाठी माइक लागणार, फोटोला कॅमेरा लागणार, ते ठीक. एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर नाही म्हणा आणि दोस्ताला फोन करून विचारा कशाला पाहिजे, कारण तुमचे ओटीपी तिथं येतात. नोटिफिकेशन वाचायची परवानगी पण तसलीच. कॉन्टॅक्ट पण आत्ता देऊ नका, पार्ट्यांचे नंबर आहेत तुमचे.

खरा धोका असतो तो रोजच्या वापरातल्या अ‍ॅपची बीटा घेताना. नवीन व्हर्जन तुमच्या जुन्या चॅटची आतली मांडणी बदलून ठेवतं, आणि ती बदललेली मांडणी जुन्या व्हर्जनला वाचता येईलच असं नाही. बरं अँड्रॉइड नव्यावर जुनं चढवूच देत नाही, आधी नवं काढावं लागतं, आणि काढलं की फोनमधला त्याचा डेटा गेला. बॅकअप असला तर वाचलात, आणि तो पण बीटाच्या आधी घेतलेला बरा. म्हणून ज्याच्यावर धंदा चालतो त्या अ‍ॅपची बीटा त्याच फोनवर घ्यायची नाही, एवढं पाळा. काही जण हे नीट करतात, सिग्नल या चॅट अ‍ॅपची कॉम्प्युटरवरची बीटा वेगळं अ‍ॅप म्हणून बसते, जुन्याला धक्का लावत नाही.

चिखलीकर_नदीकाठ:
माझी थोडी भर. २०१९ ला आणि २०२१ ला पुरात आमच्याकडं सगळी खबर ग्रुपवरच चालायची, लाइट नाही, फोन गाडीच्या बॅटरीवर चार्ज करायचा, रेंज मधेच येणार मधेच जाणार. असल्या टायमाला मेसेज उशिरा आला तर एक वेळ चालतंय पण उलटसुलट आला तर लई वाईट. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे इथं बारक्या पोराला पण पाठ आहे. आता समजा एकानं आधी टाकलं 'पाणी ४१ फूट' आणि नंतर टाकलं '४३ झालं', रेंज नव्हती म्हणून दोन्ही फोनमध्येच अडकले, रेंज आल्यावर एकदम सुटले आणि ४३ वर आणि ४१ खाली दिसालंय. वाचणारा काय समजणार? पाणी उतरालंय. तो जनावरं हलवायचा थांबणार.

म्हणून ज्याला कुणाला टेस्ट करायचंय त्यानं हे करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, चार मेसेज आकडे घालून लिहा, एक दोन तीन चार, पाठवा दाबा, फोन बंद करून परत चालू करा आणि मग नेट चालू करा. चारी गेले काय, त्याच क्रमानं गेले काय, एखादा दोनदा गेला काय. मी हे एका अ‍ॅपवर केलं तर तिसरा दोनदा आणि दुसरा गायबच. आणि एक फोनचं घड्याळ हातानं मागं करून पण बघा, गंमत दिसती.

राजारामपुरी_कोडवाली:
हे फार मोलाचं सांगितलंत. घड्याळाची गंमत अशी की काही अ‍ॅप पाठवणाऱ्याच्या फोनच्या वेळेवर मेसेज लावतात आणि काही सर्व्हरवर पोचल्याच्या वेळेवर, दोन्हीत खड्डे आहेत. आम्ही यावर मीटिंगा घेऊन भांडलोय पण उदाहरण म्हणून कायम 'हाय' आणि 'हॅलो' असायचं. उद्यापासून ४१ आणि ४३ सांगणार.

मंगळवार_पेठ_तालीम:
सगळं खरं पण एक राहिलं. दोस्त ओळखीचा आहे म्हणून ठीक, नाहीतर हल्ली 'आमचं नवीन चॅट अ‍ॅप टेस्ट करा, रोजचे पैसे मिळवा' म्हणून मेसेज येतात आणि सोबत एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट अ‍ॅप चढवायची फाइल, ती अजिबात घ्यायची नाही. लग्नपत्रिका म्हणून एपीके, गाडीचं चलन म्हणून एपीके, सगळ्यांचा मामला एकच, फोनमध्ये शिरून एसएमएस वाचायचे आणि खातं साफ करायचं. २०२१ ला ते गुलाबी रंगाचं खोटं व्हॉट्सअ‍ॅप आलेलं आठवतंय काय, आमच्या तालमीच्या ग्रुपवर चांगल्या शिकलेल्या माणसांनी फॉरवर्ड केलेलं. टेस्टिंग प्ले स्टोअरमधून असलं तरच. आणि पैसे गेलेच कुणाचे तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, जेवढा उशीर तेवढे पैसे लांब गेले.

शिरगाव_आयफोनवाला:
आमच्याकडं आयफोन आहे, दोस्त आयफोनचं पण करतोय काय? तिकडं टेस्टफ्लाइट नावाचं अ‍ॅपलचंच अ‍ॅप घ्यावं लागतं, त्यातून बीटा येते. बाहेरची १०,००० माणसं घेता येतात एका अ‍ॅपला, आणि एक बिल्ड ९० दिवस चालतं, मग आपोआप बंद. ते मला आवडतं, जुनं बीटा फोनमध्ये सडत पडत नाही.

गारगोटीचे_गुरुजी:
नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वेळ भरपूर आहे म्हणून गेली काही वर्षे हा उद्योग करतो. फुकट का करता असे मलाही घरातून ऐकावे लागते. माझे कारण साधे आहे, मराठीसाठी तपासणारे लोक कमी आहेत, आणि आपण नाही तपासले तर अ‍ॅप बाहेर आल्यावर आपणच चडफडत बसणार.

एक नमुना देतो. आमच्या गावच्या पाणीपुरवठा संस्थेचा ग्रुप एका नव्या अ‍ॅपवर होता, नावात 'शेतकऱ्यांची' हा शब्द. मी शोधले की ग्रुप सापडायचा, चेअरमन साहेबांनी शोधले की सापडायचा नाही. फोन सारखाच, शब्द सारखाच, डोळ्याला काडीचा फरक नाही. मी दोघांचे कीबोर्ड बघितले तर माझा एक, त्यांचा दुसरा. 'ऱ्य' लिहायच्या दोन तऱ्हा आहेत, एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असे जाते, दुसऱ्यावर साधा र, हलन्त, मग एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. मला 'शेतकऱ्यांची' दिसते, त्यांनाही 'शेतकर्‍यांची' दिसते, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणजे पुजाऱ्यांचा, अधिकाऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा असा कुठलाही ग्रुप असला की हीच रड. मी दोन्ही रूपे कॉपी करून, स्क्रीनशॉट जोडून पाठवले. बरेच महिने काही नाही, मी नाद सोडलेला, मग एका अपडेटनंतर चेअरमन साहेबांचा फोन आला, गुरुजी ग्रुप सापडायला लागला.

टर्नर साहेब, तुमच्या मित्राच्या अ‍ॅपमध्ये हे जरूर बघा. शिवाय आकडे. कुणी २५ मराठीत लिहिले आणि दुसऱ्याने इंग्रजी आकड्यात शोधले तर सापडते का? ड्रॉइंग नंबर शोधताना तुम्हाला हे लागणारच. आणि फोनची अक्षरे मोठी करून पाहा, माझ्यासारखे चष्मेवाले तशीच ठेवतात. बटणावरचे मराठी अर्धे कापले जाते, वेलांटी वरून आणि उकार खालून, इंग्रजीत हे लक्षातही येत नाही कारण त्यांच्या अक्षरांना वर-खाली एवढा पसारा नसतो.

कुणाला ओळखीच्या अ‍ॅपशिवाय सुरुवात करायची असेल तर थंडरबर्ड हे ईमेलचे अ‍ॅप बघावे. मोबाइलवरचे थंडरबर्ड म्हणजे आधीचे के-नाइन मेल, २०२२ मध्ये ते थंडरबर्डकडे आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइडवर थंडरबर्ड या नावाने निघाले. त्याची बीटा प्ले स्टोअरवर वेगळे अ‍ॅप म्हणून मिळते. कोड खुला आहे, तुमची तक्रार सगळ्यांना दिसते, तिच्यावर कोण काय म्हणाले तेही दिसते. रोखठोकराव, तिथे कुणी तुमच्या कष्टावर गपचूप पैसे करत नाही, एवढे तरी समाधान.

रोखठोक_आपटेनगर:
गुरुजी तुमच्यापुढं काय बोलणार. पण मटण ताटाचं मी मागं घेत नाही.

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
अजून एक, स्क्रीनशॉट पाठवताना जरा बघून पाठवा. लोक बग दाखवायला अख्खी चॅट लिस्ट पाठवतात, त्यात दुसऱ्यांचे नंबर, कुणाचा रेट, कुणाची उधारी. ते एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन वगैरे वाटेतल्या माणसापासून वाचवतं, आपण स्वतःच फोटो काढून दिल्यावर काय वाचवणार. खोट्या नावाचा एक ग्रुप काढा टेस्टिंगपुरता आणि त्यातच काय ते खेळा. गिऱ्हाइकाचं खरं ड्रॉइंग तर टाकूच नका, काही पार्ट्या सही घेतात ड्रॉइंग बाहेर जाऊ देणार नाही म्हणून.

उद्यमनगर_टर्नर:
हे ड्रॉइंगचं माझ्या डोक्यातच नव्हतं, बरं झालं. मेव्हण्याचा जुना फोन मिळालाय, काच तडकलीय पण चालतोय, त्याच्यावर नवीन जीमेल काढून घातलं. शेडमधली पोरं पण तयार झाली, त्यांना वाटालंय आपण कंपनीचे मोठे अधिकारी.

ताई, पहिला रिपोर्ट असा लिहिलाय, बघा जरा: "सकाळी सव्वादहा, शेडमधला लेथ चालू, वायफायवर. ड्रॉइंगच्या फोटोवर बोटानं लाल गोल काढला, पाठवला. माझ्या फोनवर गोल बरोबर बोअरवर आहे, पोराच्या फोनवर तोच गोल खाली सरकून फ्लँजवर दिसतोय. त्याचा फोन लांबोडका आहे, माझा जुना आखूड. परत करून बघितलं, परत तसंच. फोन आडवा धरला की बरोबर येतंय." जुन्या ड्रॉइंगवर मापं खोडून केलंय, पार्टीचं नाव पण झाकलंय.

राजारामपुरी_कोडवाली:
दादा, मी तुमच्या दोस्ताच्या जागी असते तर हा मेसेज वाचून नाचले असते. गोल फोटोच्या मापात न साठवता स्क्रीनच्या मापात साठवला असणार, त्याला पाच मिनिटांत कळेल. फक्त दोन्ही फोनचं मॉडेल, अँड्रॉइड आणि बिल्ड नंबर टाका.

उद्यमनगर_टर्नर:
बिल्ड नंबर कुठं असतोय?

राजारामपुरी_कोडवाली:
अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली बघा, नसेल तर अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरा, माहितीचं पान उघडेल, तिथं तळाला व्हर्जन लिहिलेलं असतं. तिथंही बिल्ड दिसत नसेल तर तोच तुमचा दुसरा रिपोर्ट.